दोन पाण्यांमधलं अंतर

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, मोहावी वाळवंटाच्या मधोमध अँबॉय नावाचं ठिकाण आहे. गाव म्हणावं इतकी वस्ती आता तिथे उरलेली नाही. एक पेट्रोल पंप, खोल्या बंद पडलेलं रॉइज मोटेल, बंद शाळा आणि या सगळ्यांच्या डोक्यावर १९५९ साली उभारलेली बाणाच्या आकाराची भलीमोठी पाटी. दक्षिणेला ब्रिस्टल सरोवर पसरलेलं आहे. नावाला सरोवर, प्रत्यक्षात मिठाचा कोरडा पांढरा पट्टा. त्यात खणलेल्या लांबच लांब चरांमधून कॅल्शियम क्लोराइड काढतात. पश्चिमेला अँबॉय क्रेटरची काळी टेकडी, जेमतेम पंचाहत्तर मीटर उंचीची, माथा कापून टाकल्यासारखी. रस्त्याला समांतर लोहमार्ग, आणि त्यावरून दीड-दोन किलोमीटर लांबीच्या मालगाड्या रात्रंदिवस जात असतात. इतकं सगळं असून इथे एक गोष्ट नाही. जमिनीखालचं पाणी खारं असल्यामुळे एकेकाळी या गावाचं पिण्याचं पाणीसुद्धा रेल्वेच्या टाक्यांमधून यायचं.

अँबॉयसमोरून जाणारा डांबरी रस्ता म्हणजे रूट ६६. शिकागोपासून प्रशांत महासागराच्या काठापर्यंत सुमारे ३,९०० किलोमीटरचा हा मार्ग १९२६ साली अधिकृतपणे आखला गेला आणि १९८५ साली सरकारी यादीतून वगळला गेला. या अंकासाठी 'रस्ता' हा विषय समोर आला तेव्हा या मार्गाच्या एका तुकड्याबद्दल लिहावंसं वाटलं: लडलो ते नीडल्स, जुन्या रस्त्याने साधारण १८० किलोमीटर, सायकलवर एका दिवसात. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या आत संपवणारे सायकलस्वार पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात मोठ्या संख्येने तयार झाले आहेत. त्यांना १८० हा आकडा ओळखीचा वाटेल. माझं म्हणणं नेमकं याच ओळखीबद्दल आहे. वाळवंटातल्या दिवसाची आखणी किलोमीटरवरून करायला गेलं की ती चुकते. तिथे अंतर मोजायचं ते दोन पाण्यांमधलं, आणि तेही तासांत. हा मार्ग मुळात त्याच मापाने बांधला गेला. वेगाने जाणाऱ्या मोटारीला ते माप विसरता आलं, सायकलला विसरता येत नाही.

इंजिनाची तहान

या वाटेवरची ठिकाणं नकाशावर पाहिली तर एक गंमत दिसते. अँबॉय, ब्रिस्टल, केडिझ, डॅन्बी, एडसन, फेनर, गॉफ्स, होमर, आयबिस, जावा: इंग्रजी अक्षरमालेच्या क्रमाने लावलेली नावं. १८८३ साली लोहमार्ग इथून गेला, तेव्हा गावं नव्हतीच. होती ती फक्त थांबे देण्याची गरज. वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं, रूळ सांभाळायला माणसं लागतात आणि माणसांनाही पाणी लागतं. म्हणून ठरावीक अंतरावर थांबा आणि थांब्याला नाव. वस्ती झाली म्हणून रस्ता आला, हा आपल्या ओळखीचा क्रम इथे उलटा आहे. इथे आधी तहान, मग थांबा, आणि थांब्याच्या आधाराने रस्ता. लोहमार्गाची चाकरी करणारी पायवाटच पुढे मोटारींची वाट झाली आणि तीच रूट ६६ म्हणून ओळखली गेली. अँबॉयच्या पश्चिमेला बगदाद नावाचा थांबा होता. तिथे ऑक्टोबर १९१२ ते नोव्हेंबर १९१४ या काळात सलग ७६७ दिवस पाऊस पडला नाही, अशी नोंद आहे. पलीकडच्या दोन थांब्यांना सैबेरिया आणि क्लोंडाइक अशी थंड मुलखांची नावं कुणी दिली असतील, त्यांच्या मनातलं ओळखायला फार कष्ट पडू नयेत.

मोटारी आल्या तरी हिशेब बदलला नाही. १९३०च्या दशकात ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांतून धुळीच्या वादळांनी आणि मंदीने उठवलेली कुटुंबं याच वाटेने कॅलिफोर्नियात आली. जॉन स्टाइनबेकने १९३९च्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'मध्ये या रस्त्याला आईची उपमा दिली, आणि त्यातलं जोड कुटुंब हे वाळवंट रात्रीच्या अंधारात ओलांडतं. दिवसा इंजिनं उकळत, म्हणून रात्र. मोटारीच्या पुढच्या बाजूला कॅनव्हासची पाण्याची पिशवी टांगलेली असे. जुन्या जीपला किंवा ट्रकला लटकणारी छागळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको; कापडातून पाझरलेलं पाणी उडून जातं आणि आतलं गार होतं. माठाचंच शास्त्र. एसेक्स या थांब्यावर कॅलिफोर्नियातल्या मोटारमालकांच्या क्लबने खणलेल्या विहिरीचं पाणी प्रवाशांना फुकट मिळे आणि त्या एका गोष्टीमुळे ते नाव सगळ्यांना ठाऊक होतं. मग १९७३ साली उत्तरेकडून आंतरराज्य महामार्ग ४० सुरू झाला. लडलो ते नीडल्स हे अंतर मोटारीला दीड तासाचं झालं. दीड तासाला थांबा लागत नाही. थांबे गेले, त्यांच्यामागून माणसं गेली.

सायकलस्वार या वाटेवर येतो तेव्हा त्याचा वेग जुन्या मालगाडीच्या जवळपास असतो आणि तहान इंजिनासारखी. पण थांबे मात्र मोटारीच्या सोयीने उठवलेले. आखणीचा सगळा पेच या विसंगतीत आहे.

डोळ्यांना न दिसणारा चढ

लडलो समुद्रसपाटीपासून साधारण ५४० मीटरवर आहे. तिथून अँबॉयपर्यंतच्या ४५ किलोमीटरमध्ये रस्ता उतरत उतरत २०० मीटरच्या खाली जातो. हाच भाग फसवा. सकाळची थंडी, ताजे पाय, उतार, बहुधा पाठीमागून येणारा पश्चिमेचा वारा. दोन तासांत अँबॉय येतं आणि दिवसाचा पाव भाग सहज संपल्याचा आनंद होतो. खरं तर अँबॉय म्हणजे ताटलीचा तळ. तिथून चँब्लेस, केडिझची खिंड, डॅन्बी, एसेक्स, फेनर करत गॉफ्सला पोहोचेपर्यंत सुमारे ६०० मीटर चढायचं आहे, आणि तेही जवळपास ९० किलोमीटरमध्ये पसरलेले. शेकड्याला एकाहूनही कमी चढ. कसारा किंवा वरंध घाट चढणाऱ्याला हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण घाट दिसतो. वळणं दिसतात, माथा दिसतो, माणूस गिअर खाली टाकतो आणि मनाची तयारी करतो. इथे डोंगर दूरवर आहेत, रस्ता क्षितिजापर्यंत सरळ आहे, डोळे सांगतात सपाट आणि पाय सांगतात चढ. अशा वेळी बहुतेक जण पायांना दोष देतात, जोर वाढवतात, आणि जो घाम तासाला एक लिटरने जायचा तो दीड लिटरने जातो.

गॉफ्स मात्र लक्ष देऊन पाहण्यासारखं आहे. मूळ रूट ६६ याच गावातून जायचा. १९३१ साली रस्ता सरळ करताना गॉफ्स बाजूला पडलं. म्हणजे पुढे सगळ्या रस्त्याचं जे झालं ते या गावाचं चाळीस वर्षं आधीच झालं होतं. १९१४ साली बांधलेली इथली शाळा पडायला आली होती, ती स्थानिक इतिहास जपणाऱ्या लोकांनी पुन्हा उभी केली आहे. गॉफ्सपासून नीडल्स साधारण ५० किलोमीटर, बहुतांश उतार. नीडल्स कोलोरॅडो नदीच्या काठी, १५० मीटरवर. शेवटी उतार आहे हे नकाशात छान दिसतं. पण तो मिळतो गॉफ्सला वेळेत पोहोचलेल्यालाच.

पण आम्हाला उन्हाची सवय आहे

हा पहिला आक्षेप, आणि तो पोकळ नाही. चंद्रपूर किंवा अकोल्याच्या मे महिन्यात ज्याने सायकल मारली आहे त्याला नुसत्या तापमानाची भीती घालण्यात अर्थ नाही. नीडल्स उन्हाळ्यात अमेरिकेतल्या सर्वांत तापणाऱ्या गावांपैकी एक. जुलैत दुपारचं सरासरी तापमान ४२-४३ अंशांपर्यंत जातं. तेव्हा ही सफर करूच नये, यावर वादाला जागा नाही. पण मुद्दा नोव्हेंबर ते मार्चचा आहे, दुपार जेमतेम पंचविशीत असते तेव्हाचा. विदर्भातली सवय तिथे दोन कारणांनी कामी येत नाही. एक, आपल्याकडे पाण्याची ठिकाणं मोजायची वेळच येत नाही. टपरी, पंप, शेतातली मोटर, एसटीचा थांबा, रस्त्याकडेची पाणपोई. दहा किलोमीटरमध्ये काही ना काही लागतंच. सायकलला दोन बाटल्या पुरतात त्या आपल्या दमामुळे नव्हे, या वस्तीमुळे. दोन, कोरड्या हवेत घाम दिसत नाही. कोकणात किंवा मुंबईत अंग निथळतं आणि माणूस आपोआप पाण्याकडे वळतो. मोहावीत घाम त्वचेवर येताक्षणी उडून जातो; जर्सीवर मिठाची पांढरी रेघ उमटते तेव्हाच कळतं की बरंच काही गेलं.

वाऱ्याचंही असंच उलटं आहे. वारा पाठीमागून हवा म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचं, हे बरोबर. पण आपला वेग २० आणि वाराही २०, अशी वेळ आली की अंगाभोवतीची हवा जणू थांबते. श्रम कमी होतात तसा गारवाही नाहीसा होतो. म्हणून पाठवाऱ्याचा दिवस सोपा धरून पाणी कमी घेणं ही चूक आहे.

आकडे मांडून पाहू. तासाला एक लिटर हा बेतशीर अंदाज. अँबॉयला बाटलीबंद पाणी विकत मिळतं. तिथून पुढे भरवशाचं ठिकाण म्हणजे फेनरजवळ, आंतरराज्य महामार्गाच्या तोंडाशी असलेला पेट्रोल पंप. मधलं एसेक्स आता जवळजवळ ओस आहे आणि त्या जुन्या विहिरीवर भिस्त ठेवता येत नाही. अँबॉय ते फेनर ७० किलोमीटर, चढाचे, म्हणजे साडेचार तास. साडेचार लिटर पिण्याचे, एक लिटर टायर फुटून तासभर बसावं लागलं तर, अर्धा लिटर कुणालाच न सांगता येणाऱ्या कारणासाठी. सहा लिटर, म्हणजे सहा किलो. दहा-अकरा किलोच्या सायकलवर हे ओझं कुठे टांगायचं हा प्रश्न गिअरच्या दातांपेक्षा मोठा आहे. पाठीवरच्या पिशवीत दोन लिटरपेक्षा जास्त नको, पाठ तापते. उरलेलं चौकटीच्या खालच्या नळीवर, जितकं खाली तितकं बरं. आणि सोबत मीठ-साखर-लिंबाची पूड हवीच. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि गरगरणं सुरू होतं ते वेगळंच.

सराटे

एक ओळखीचं झुडूप तिथे भेटतं. रस्त्याच्या कडेला जमिनीलगत पसरलेलं, बारीक पिवळ्या फुलांचं, आणि फळ सुकलं की पाच तुकडे होणारं. प्रत्येक तुकड्याला दोन टणक काटे, कसंही पडलं तरी एक काटा वर. हा आपला सराटा, वैद्यांचा गोखरू. मूळचा जुन्या जगातला, माणसांच्या आणि जनावरांच्या पायांनी अमेरिकेत गेलेला. तिथले सायकलवाले त्याला बकरीचं डोकं म्हणतात, कारण दोन काटे शिंगांसारखे दिसतात. डांबरावर तो सहसा नसतो. पण लघवीला, फोटोला, पुलावरचा फलक वाचायला सायकल कडेच्या मातीत उतरवली की चाकात जातो, आणि लगेच कळत नाही. दहा किलोमीटरवर कळतं. सायकल उचलून न्यावी, ढकलू नये, हा नियम सोपा आहे आणि दमलेला माणूस तो मोडतोच. दोन सुट्या ट्यूब, चिमटा, हातपंप. हवेच्या छोट्या नळकांड्या आहेत म्हणून पंप घरी ठेवणं हा वाळवंटात न परवडणारा विश्वास आहे.

लाकडी पूल

दोन वर्षं पाऊस नसलेल्या या मुलखात सर्वांत मोठा अडथळा पाण्याचाच असतो. कॅलिफोर्नियातल्या या पट्ट्यात रूट ६६वर शंभराहून जास्त लाकडी पूल आहेत, बहुतेक १९३०च्या आसपासचे. उन्हाळ्याच्या शेवटी एखादं वादळ डोंगरावर कोसळतं, जमीन पाणी पीत नाही, आणि कोरडे ओढे तासाभरात भरून वाहतात. रस्त्याच्या उत्तरेला मैलोन्मैल मातीचे बांध घातलेले दिसतात, ते याचसाठी. तिरपे बांध पाण्याला वळवून नेमक्या पुलाखाली आणतात. या बांधांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी काळ्या दगडांनी आपापली नावं लिहिली आहेत. वेगातल्या मोटारीतून ती नुसती ठिपक्यांची रांग वाटते, सायकलवरून एकेक नाव वाचता येतं. २०१४ आणि २०१७च्या पुरांनी इथले कितीतरी पूल खचवले, आणि अँबॉयच्या पूर्वेकडचे टप्पे वर्षानुवर्षं वाहतुकीला बंद राहिले. निघण्याच्या आठवड्यात सॅन बर्नार्डिनो काउंटीची बंद रस्त्यांची यादी पाहिल्याशिवाय आखणी पुरी होत नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो. रस्ता मोटारीला बंद असेल, सायकल काय, उचलून ओलांडू. हे करणारे आहेत. मला ते पटत नाही, आणि कारण दंडाचं नाही. बंद रस्त्यावर दुसरं कुणी येणार नाही. ७० किलोमीटरच्या निर्जळ टप्प्यावर तासाला येणाऱ्या दोन मोटारी हीच शेवटची मदत असते, आणि मोबाइलला तिथे कित्येक ठिकाणी रेंज नसते. शिवाय खचलेल्या पुलावर चढणं म्हणजे जे जपायला लोक धडपडताहेत त्याच लाकडावर भार टाकणं. रस्ता बंद असेल तर अँबॉयच्या पूर्वेला केलबेकर रस्त्याने उत्तरेकडे चढून आंतरराज्य महामार्ग गाठायचा. एरवी अशा महामार्गावर सायकलला बंदी असते, पण जिथे दुसरी वाट नाही अशा ग्रामीण भागात कॅलिफोर्निया कडेच्या पट्ट्यावरून जाऊ देतं. चढमार्गावरच्या फलकाने मनाई केलेली नाही ना, हे पाहून शिरायचं. ट्रकांच्या टायरच्या तारा तिथे पसरलेल्या असतात आणि आवाजाने डोकं उठतं. हा पर्याय कुरूप आहे, पण तो दिवसाला पाण्याकडे नेतो.

गाडी सोबत घेतली तर

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी २०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण केली, २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने केली. तीही कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातून जाते, आणि जूनमध्ये. मग नोव्हेंबरच्या १८० किलोमीटरला इतका विचार कशाला? उत्तर त्या शर्यतीच्या नियमांतच आहे. तिथे मागे मदतीची गाडी असते, गाडीत बर्फ असतो, कधी प्यायचं हे सांगणारी माणसं असतात. स्वार पाय चालवतो आणि पाण्याचा विचार दुसरं कुणीतरी करतं. तो पराक्रम जराही कमी नाही. पण तो वेगळ्या गोष्टीचा पराक्रम आहे. ज्याच्याकडे सोबत गाडी आहे त्याने जरूर न्यावी. मात्र गाडी नेली म्हणून हिशेब टळत नाही, तो फक्त चालकाच्या डोक्यात जातो.

आणखी एक म्हणणं असं की इतकी आखणी केली तर भटकंतीतलं मोकळेपण उरत नाही. इथे उलटं घडतं असं मला ठामपणे वाटतं. पाण्याचा प्रश्न सुटलेला माणूसच बांधावरची नावं वाचायला थांबतो, अँबॉय क्रेटरचा काळा खडक हातात घेऊन पाहतो, मालगाडीचे डबे मोजतो. तहानलेल्याला फक्त पुढचं वळण दिसतं.

खिशातला कागद

आता दिवस उलट्या टोकाकडून मांडायचा. नोव्हेंबरचा पहिला रविवार उलटला की तिथली घड्याळं तासाने मागे जातात आणि नीडल्सला सूर्य पाचच्या आतच मावळतो. उजेड असताना पोहोचायचं तर गॉफ्स दोनला सोडलं पाहिजे. म्हणजे एसेक्स बाराच्या आत, म्हणजे अँबॉय आठला, म्हणजे लडलो साडेपाचला, अंधारात दिवा लावून, दहा अंशांखालच्या थंडीत. यात एक टायर फुटायला जागा नाही. हे कागदावर आलं की दिवाळीचा मुहूर्त सुंदर असला तरी सोडून द्यावा लागतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर मात्र घड्याळ पुढे गेलेलं असतं, बारा तासांचा उजेड असतो, संध्याकाळी पावणेसातपर्यंत दिसतं. वसंतातला वारा जोरदार, पण पश्चिमेचा. दोन तास हाताशी उरतात आणि त्या दोन तासांसाठीच मार्च निवडायचा.

मग परतीच्या वेळा. अँबॉयला दहा वाजून गेले, किंवा सहा लिटर भरून घेता आलं नाही, तर पुढे जायचं नाही. तिथेच थांबून वाहन शोधायचं. केलबेकरच्या फाट्यावर वारा फिरून समोरून आला असेल तर फाटा घ्यायचा. फेनरला तीन वाजले तर दिवस फेनरला संपला. हे निर्णय लडलोला, रात्री जेवून झाल्यावर, थंड डोक्याने लिहून ठेवायचे, कारण अँबॉयच्या उन्हात माणूस स्वतःशी फार गोड बोलतो.

या कागदाच्या दोन प्रती करायच्या. एक जर्सीच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत, घामाने शाई फुटू नये म्हणून. दुसरी नीडल्सच्या मुक्कामावर किंवा घरी, जो कुणी वाट पाहणार असेल त्याच्याकडे. त्याच्या प्रतीवर शेवटी एक ओळ जास्त असते: सायकलचा रंग, कुठल्या क्रमाने कुठली ठिकाणं, आणि रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर काउंटीच्या शेरीफला कोणत्या टोकापासून शोधायला सांगायचं.